ओढा

रास अल खैमा. नखीलमधला तिसरा मजला.
एसीखाली बादली ठेवलेली असायची,
आणि रात्री तिच्यात टपटप सुरू झाली की
अप्पा झोपेत बोलायचे:
ओडादे. ओडादे.

मी नऊ वर्षांची.
मला वाटायचं, ओढा मागतायत.
गावचा तो बाभळींमधला, म्हशी बसतात तो,
उन्हाळ्यातही गुडघाभर राहणारा.
इथं पिण्याचं पाणीसुद्धा समुद्र उकळून केलेलं,
माणसाला ओढा आठवणारच.
म्हणून मी निळ्या खडूनं एक ओढा काढला,
वहीचं पान फाडलं, त्यांच्या उशीखाली सरकवलं.
सकाळी त्यांनी ते बघितलं.
चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं
आणि सिमेंट फॅक्टरीच्या गेटवर ड्यूटीला गेले.

पत्र्याच्या पेटीत, पासपोर्टांच्या खाली,
मसाल्याच्या पिशवीला बांधलेल्या फडक्यात
एक पदक सापडलं. त्याला दालचिनीचा वास.
कुठल्या लढाईचं?
लंकेच्या, आई म्हणाली, आणि पोळपाट आण.

लंका मला ठाऊक होती.
जेवताना विचारलं,
अप्पा, तुम्ही पण आग लावली का तिथं?

त्यांचा घास हातातच राहिला.
आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला,
मग स्वतःच रडायला लागली,
आणि मला कळेना की मारुतीच्या गोष्टीत
रडण्यासारखं काय आहे.

खाली सेल्वरत्नम यांची लाँड्री.
शर्टाला एक दिरहम, कॉलरला स्टार्च फुकट.
तरी अप्पा गार्डचा युनिफॉर्म घरीच,
जमिनीवर घोंगडी दुमडून, स्वतः इस्त्री करायचे.
जिन्यावरून उतरताना
लाँड्रीच्या काचेकडे पाठ करून वळायचे,
जणू तिथं कुणी कपडे बदलतंय.

सेल्वरत्नम यांची याळिनी माझ्या बसमध्ये.
दप्तरावर बसून आम्ही आवळ्याचं लोणचं खायचो.
एकदा मी तिला सांगितलं,
आमचे अप्पा झोपेत ओढा मागतात,
आणि शब्द म्हणून दाखवला, अगदी त्यांच्यासारखा.
ती हसली. तुझ्या अप्पांना आमची भाषा येते?
मग बोट चाटता चाटता म्हणाली,
पळू नकोस. त्याचा अर्थ, पळू नकोस.

त्याच संध्याकाळी तिनं दुकानाच्या दारातून
आपल्या बापाला हाक मारली: अप्पा!
आणि जिन्यात, सिलिंडर खांद्यावर घेतलेले
माझे अप्पा थांबले.
वळून बघितलं त्यांनी.
बराच वेळ बघत होते.

विचारायला मला पुढची एकवीस वर्षं लागली.
तोवर फॅक्टरीनं त्यांना घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं
आणि आम्ही खोरच्या कठड्यावर बसलो होतो,
समोर मासेमारीच्या होड्या, चिखलात एका पायावर बगळे.
त्यांनी पाण्याकडे बघूनच सांगितलं.
अंधार व्हता. ताडामागं कुनीतरी हाललं.
आमाला चारच शब्द शिकवलेले.
म्या तीन येळा म्हनलो.

मी वाट बघितली.
ते म्हणाले, चहा घिऊ.
टपरीवरच्या मलबारी पोऱ्यानं साखर विचारली,
अप्पांनी दोन बोटं दाखवली,
आणि तेवढ्यात जे विचारायचं होतं
ते माझ्या तोंडात गार होऊन गेलं.

परवा त्यांच्या जुन्या पाकिटात ते पान मिळालं.
घडीघडीला निळा रंग उडालाय,
ओढ्याचे आता चार डबके झालेत.
काठाला मी एक माणूस काढला होता,
हे मी विसरून गेले होते.
नेमका घडीवर आलाय तो.
उभा आहे की पळतोय,
कागद उजेडात धरूनही कळत नाही.